निव्हटोचं बीळ

खेळाच्या सातव्या बेटावर, पांढऱ्या जमिनीवरून
तो पोटानं घसटत येतो.
डोळे थेट टाळूवर, दोन बुडबुडे चिकटवल्यासारखे,
पाठीवर शिडासारखं उभं पाखं,
अंगावर निळे ठिपके. मी मोजलेत, एकोणीस.
नाव निव्हटो.
बस्स. पुढे कंपनीनं काही सांगितलेलं नाही.

म्हणून आम्ही सांगत होतो,
ट्रॉम्ब्याच्या जेट्टीवर, पालथ्या होडीच्या सावलीत,
चौघांत दोन फोन, एक चार्जर,
पलीकडे रिफायनरीची ज्योत भर दुपारी जळत.

तस्नीम म्हणाली, निव् म्हणजे बर्फ.
बॉटनीवाल्या बहिणीच्या पुस्तकात
कुठल्याशा फुलाचं लॅटिन नाव होतं, त्यावरून.
आणि जमीन पांढरी आहे, दिसत नाही का?

कदिरवेल म्हणाला, बर्फ बघितलाय कोणी इथं?
आम्ही बघितला तो मासळीवरचा,
भुश्शात गुंडाळून टेम्पोतून आलेला,
त्यावर कुठला प्राणी चालतो, मेलेल्या पापलेटाशिवाय?

उन्मेषा वैती तोवर गप्प.
मग फोन हिसकावून तिनं बोट ठेवलं टाळूवरच्या डोळ्यांवर:
"निवटा आहे हा. आपल्या खाडीतला.
आणि ते पांढरं मीठ आहे, येड्यांनो. मिठागर."

निवटा. निव्हटो. निवटा.
तोंडात घोळवून बघितलं.
एक ह, एक काना-मात्रा.
एवढा ह तर होडी लोटून दमलेल्या माणसाच्या तोंडूनही सांडतो.

मग आम्हाला थांबवणारं कोण होतं?
चित्र काढणाऱ्याचा आजा तेलाच्या जहाजावर होता,
जहाज पिरपावला लागलं,
कदिरनं त्याला कावीळ करवली,
तस्नीमनं महिनाभर खाटेवर निजवलं, खाडीकडच्या खिडकीशी,
मी त्याच्या हातात वही आणि बुटकी पेन्सिल दिली.
निळा रंग कुठून आणला यावर दोन दिवस भांडलो.
आजाचं नाव तेवढं शेवटपर्यंत जमलं नाही.

ओहोटी सरता सरता उन्मेषाची आई वर आली,
खांद्यापर्यंत चिखल, कमरेला निवट्यांची टोपली.
तिनं फोन हातात घेतला नाही, नुसती वाकली.
"नर हाय. पाखं उभारलंय बघ, मादीला दावतोय."
आम्ही एकमेकांकडे बघितलं. सिद्ध झालं!
"पन याचं बील कुठं?"

बील?
"बिलाबिगर निवटा नसतो.
धावला तर जाईल कुठं? हा नुसता फोटू."
आणि टोपली सावरत गेली,
पावलांतून पाणी गळत होतं, राखाडी.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही एक नाणं उचललं नाही.
राक्षस दारात येऊन मारून गेले, मरू दिलं.
बेटाची वीत न् वीत तपासली,
खडकांवर उड्या, ढिगांना लाथा,
निव्हटोच्या मागे मागे, त्याला न मारता,
खेळात असं चालायची सोय नाही, तरी.

आणि एका बुधवारी, नकाशाच्या अगदी कडेला,
जिथे लाट अर्धी आकाशात अडकून थरथरते,
तो मिठाच्या ढिगामागे वळला
आणि जमिनीतून खाली गेला.
आधी डोळे, मग शीड, शेवटी शेपटी.

कदिर म्हणतो, बग आहे. तिथं जमीन लिहायचीच राहिली.
तस्नीम म्हणते, बर्फाला तडा.
उन्मेषा काहीच म्हणाली नाही.
आईला हाकही मारली नाही.
फोन फळीवर उताणा ठेवला, वर ओढणीची सावली धरली.

बॅटरी चार टक्के.
खाडीला भरती चढत होती,
जेट्टीखालचे निवटे केव्हाच आत गेले होते.
आम्ही बसून राहिलो.